तिकिटात हसू धरलेलं असतं का?

मैत्रिणींनो, सुट्ट्या लागल्या की घरोघरी मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "आई, आपण पार्कला कधी जायचं?" आमच्या लहानपणी पार्क म्हणजे राणीची बाग, नाहीतर गावातली नगरपालिकेची बाग. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घरूनच न्यायची आणि झाडाखाली सतरंजी टाकून खायची. पुढे १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं. लाँचमधून खाडी ओलांडून तिकडे जाऊन आलेली मुलं शाळेत महिनाभर भाव खात असत. त्याआधी १९८४ साली दिल्लीला अप्पू घर निघालं होतं (ते २००८ साली बंद झालं). २०१३ साली आपल्या खोपोलीजवळ इमॅजिका आलं. आता तर पाण्याच्या घसरगुंड्यांची ठिकाणं जिल्ह्याजिल्ह्यांत झाली आहेत. करमणूक वाढली, चांगलंच झालं. पण गेल्या काही दिवसांत तुमच्या पत्रांतून एक तक्रार वारंवार येते आहे. "पैसे भरमसाट घेतात, पण तिथली माणसं आपल्याशी नीट बोलत नाहीत."

खरं सांगायचं तर हा विषय मला किरकोळ वाटत नाही. तोंडावर तिरसट बोलणारा दुकानदार मिळाला तर आपण पुढच्या दुकानात जातो. पण इथे आपण वर्षातून एकदाच जातो, पुरचुंडीतले पैसे काढून जातो आणि सगळं घर बरोबर घेऊन जातो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीतला आमच्या घरचा हिशेबच सांगते. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई अशी पाच माणसं. तिकिटं साडेपाच हजार, गाडी आणि टोल दोन हजार, लॉकर आणि भाड्याने घेतलेले पोहण्याचे कपडे बाराशे, जेवण-चहापाणी अठराशे. एकूण साडेदहा हजार! माझा शाळेतला अर्धवेळ पगार जवळजवळ एवढाच आहे. एवढे पैसे मोजल्यावर चार गोड शब्दांची अपेक्षा ठेवली तर काय चुकलं?

आणि मिळालं काय? दारातच पिशव्यांची तपासणी. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्या पिशवीत ज्वारीची भाकरी आणि मेथीची कोरडी भाजी होती, कारण औषध घेतल्यावर त्यांना वेळेवर खावं लागतं. तपासणीच्या मुलाने डबा बाजूच्या टेबलावर आपटला आणि म्हणाला, "आजी, बोर्ड वाचता येत नाही का?" सासूबाई जुन्या मॅट्रिक आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. पुढे लॉकरच्या खिडकीवर चौकशी केली तर मोबाइलमधून डोकं वर न काढता उत्तर आलं, "ॲपवर बघा." आमचे हे म्हणाले, "पैसे मोजलेत आपण, फुकट नाही आलो. मॅनेजरला बोलवा." मॅनेजर आले अर्ध्या तासाने. त्यांनी नियम वाचून दाखवला आणि निघून गेले.

एवढं ऐकलंत की तुम्हीही म्हणाल, ही हल्लीची पोरंच उद्धट. थांबा! मला तसं सरसकट म्हणायचं नाही. त्याआधी एक फरक लक्षात घेऊ या. कडक असणं निराळं आणि उद्धट असणं निराळं. उंचीच्या पट्टीखाली मुलगा दोन बोटं कमी भरला आणि पाळण्याजवळच्या मुलीने "नाही" म्हटलं, तर ती आपल्या मुलाचा जीव सांभाळत असते. तिथे "बसू द्या हो, एवढंसं तर आहे" म्हणून गळ घालायची नसते. २५ मे २०२४ रोजी राजकोटला खेळांच्या एका केंद्राला आग लागली आणि त्यात लहान मुलांसह पंचवीसहून अधिक माणसं गेली. अशी बातमी वाचली की कळतं, अशा ठिकाणी नियम पाळायला लावणारा माणूस आपला मित्र असतो. सुती साडीने पाण्यात उतरू न देणं, घसरगुंडीवर बांगड्या-साखळ्या काढायला लावणं, हेही त्यातलंच. मात्र "नाही" हा शब्द मान राखूनही म्हणता येतो. डबा आत न्यायचा नसेल तर "आजी, इथे ठेवते, तुम्हाला भूक लागली की येऊन खा" एवढं म्हणायला काय लागतं? लागतं काहीतरी, आणि तेच आज पाहायचं आहे.

ही गोड बोलण्याची विद्या या धंद्यात आली कुठून? ती आली अमेरिकेतल्या डिस्नीलँडहून. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी ही बाग उघडली. पहिला दिवस म्हणजे नुसता गोंधळ होता म्हणे. खोटी तिकिटं घेऊन माणसं घुसली, नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते आणि नवं डांबर उन्हाने मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतत होत्या! पण तिथल्या चालकांनी एक गोष्ट सुरुवातीपासून मनावर घेतली होती, ती म्हणजे माणसांना शिकवण्याची. येणारा गिऱ्हाईक नव्हे, पाहुणा. काम करणारा नोकर नव्हे, नाटकातला नट. त्याचा गणवेश म्हणजे पोशाख. बागेत उभं राहणं म्हणजे रंगमंचावर असणं आणि डबा खायला आत जाणं म्हणजे पडद्यामागे जाणं. लहान मुलाशी बोलताना त्याच्या उंचीइतकं खाली वाकायचं. वाट दाखवताना एक बोट रोखायचं नाही, दोन बोटं किंवा पूर्ण पंजा वापरायचा. कामाचा क्रमही ठरलेला. आधी सुरक्षितता, मग सौजन्य, मग देखावा आणि सगळ्यांत शेवटी उरक. आपल्याकडे लग्नघरात वाढणाऱ्यांना जुन्या बायका "आग्रह करा, पण पान बघून करा" असं बजावत, त्यातलाच हा प्रकार. झाडूवाल्यापासून सगळ्यांना हे शिकवलं जाई. पुढे १९८३ साली जपानात तोक्योजवळ तशीच बाग निघाली आणि तिथल्या माणसांच्या अदबीचं कौतुक आजही होतं.

आता गंमत पाहा. जिथे ही विद्या जन्मली तिथेच आज जुने पाहुणे कुरकुरतात. म्हणतात, पूर्वीसारखं आपणहून कोणी हसत नाही, विचारलं तर मोबाइलकडे बोट दाखवतात. असं का व्हावं? कारणं शोधली तर ती त्या पोरांच्या स्वभावात सापडत नाहीत, हिशेबाच्या वहीत सापडतात.

पहिलं कारण पगाराचं. २०१८ साली तिथल्या कामगार संघटनांच्या वतीने डिस्नीलँडच्या कामगारांची पाहणी झाली. मागच्या दोन वर्षांत कधी ना कधी राहायला घर नव्हतं, असं दहांतल्या एकाहून अधिक जणांनी सांगितलं. कंपनीने हा अहवाल मान्य केला नाही. पण २०२४ च्या जुलैत तिथल्या कामगारांनी संपाला मान्यता देणारा ठराव केला आणि मग पगारवाढीचा करार झाला, हे तर उघडच आहे. रात्री मोटारगाडीत झोपलेली मुलगी सकाळी उठून परीराणीच्या राज्यात हसेल कशी?

दुसरं कारण माणसं जाण्याचं. कोरोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, डिस्नी कंपनीने अमेरिकेतली २८ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांतली बरीचशी अर्धवेळ काम करणारी होती. आपल्या घरातलं लोणचं कसं मुरतं, ते कोणाच्या हाताला साधतं, हे वहीत लिहून ठेवता येत नाही. सासूकडून सुनेकडे ते बघून बघून येतं. सौजन्याचंही तसंच आहे. जुनी माणसं एकदम गेली की नव्यांना बघून शिकायला कोणी उरत नाही. मग उरतो तो भिंतीवरचा नियमांचा फलक.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १९९९ सालापासून डिस्नीच्या बागांत रांग टाळण्याची सोय फुकट होती. आधी चिठ्ठी घ्यायची आणि दिलेल्या वेळी यायचं. २०२१ साली ती बंद करून त्या जागी पैसे घेऊन पुढे सोडण्याची पद्धत आणली. आपल्याकडेही आता जादा पैसे भरून निराळ्या रांगेतून आत जाता येतंच. हा निर्णय वातानुकूलित खोलीत बसलेला साहेब घेतो. पण दीड तास उन्हात ताटकळलेल्या बापाच्या डोळ्यांसमोरून दुसरं कुटुंब सरळ पुढे जातं, तेव्हा त्याचा राग कोणावर निघतो? दोरीजवळ उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोरीवर. दिवसभर शिव्या खाल्लेल्या माणसाच्या तोंडात संध्याकाळी साखर कुठून राहणार?

ही अमेरिकेची गोष्ट झाली. पण आमच्या त्या दिवाळीच्या सहलीत मला आपल्याकडचंही थोडं कळलं. दुपारी एका पाळण्याच्या रांगेत उभी होते. "पट्टा लावा, पट्टा! हात आत!" असं करवादून ओरडणारी एक मुलगी एकदम थबकली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही?" सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती. अक्षर मोत्यासारखं, बोलणं इतकं हळू की शेवटच्या बाकाला ऐकू जात नसे. तिची जेवणाची सुट्टी झाली तेव्हा दहा मिनिटं आमच्याशी बोलली. सकाळी साडेसातला गावातून कंपनीची गाडी निघते, संध्याकाळी सातला घरी सोडते. नोकरी पार्कची नव्हे, ठेकेदाराची. महिन्याला हातात साडेअकरा हजार. बसायला स्टूलसुद्धा नाही, बसलेलं दिसलं तर मुकादम ओरडतो. कोणा गिऱ्हाइकाने तक्रार केली की शहानिशा न करता त्या दिवसाचा रोज कापतात. मी विचारलं, "तुम्हाला शिकवलं काय?" म्हणाली, "दोन दिवस शिकवलं, बाई. पट्टा कसा लावायचा, दांडा कसा तपासायचा, लाल बटण कुठे आहे ते. बोलायचं कसं ते कोणी शिकवलं नाही. आणि वर हे कर्णे दिवसभर वाजतात ना, हळू बोललं तर कोणाला ऐकूच येत नाही. आता घरी पण मी ओरडूनच बोलते. आई म्हणते, तू भांडतेयस का?"

आमच्या एका दिवसाचा खर्च आणि तिचा महिन्याचा पगार यांत फक्त हजार रुपयांचं अंतर, हे मला तेव्हाच उमगलं. सासूबाईंनी पर्समधला राजगिऱ्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला. (तेवढा एक तपासणीतून सुटला होता!)

१९८३ साली आर्ली हॉक्शील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की काही नोकऱ्यांत हातापायांच्या कष्टाबरोबर मनाचे कष्टही मालकाला विकावे लागतात. राग आला तरी गिळायचा, रडू आलं तरी हसायचं, आणि तेही मनापासून हसल्यासारखं दिसलं पाहिजे. हे वाचताना आपल्याला काही नवल वाटतं का हो? सणाच्या दिवशी ताप अंगावर काढून पाहुण्यांना "या, बसा" म्हणणारी बाई हे काम जन्मभर करते, आणि बिनपगारी करते. म्हणून मला वाटतं, पार्कातल्या त्या मुलीची थकावट ओळखण्याचं काम आपल्यापेक्षा जास्त चांगलं कोणी करू शकणार नाही.

याचा अर्थ अपमान गिळून घरी यायचं असा मुळीच नाही. सासूबाईंना ते बोलणं लागलं ते लागलंच. त्या मुलाला पगार कमी असेल, पण म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा करायची परवानगी त्यातून मिळत नाही. आपला आग्रह एवढाच की तक्रार योग्य दारात जावी. पट्टा लावणाऱ्या पोरीवर ओरडून तिचा रोज कापला जाईल, व्यवस्था तीच राहील. तिला स्टूल, सावली आणि आठवडाभराचं शिक्षण देणं ज्याच्या हातात आहे, त्याला लिहिलं पाहिजे. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी तो लढून मिळवला. आपणही पैसे देणारे म्हणून विचारू शकतो, "तुमच्या मुलींना बसायला जागा का नाही?" मालक कामगाराचं ऐकत नाही, पण गिऱ्हाइकाचं पत्र आलं की त्याचे कान टवकारतात.

आता नेहमीप्रमाणे थोड्या कामाच्या गोष्टी. कापून ठेवल्यात तरी चालेल.

निघण्यापूर्वी: तिकीट काढण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. कोणते पाळणे दुरुस्तीसाठी बंद आहेत, पथ्याचं किंवा तान्ह्या बाळाचं खाणं आत नेता येतं का आणि पिण्याचं पाणी फुकट कुठे मिळतं. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. मधुमेही माणसासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचं खाणं अडवण्याचा सिनेमागृहांचा हक्क मान्य केला, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या मुलांचं खाणं अडवू नये, असंही सांगितलं. तो निकाल सिनेमागृहांपुरता आहे, तरी नम्रपणे दाखला द्यायला हरकत नाही. मुलांची उंची घरीच भिंतीपाशी मोजा आणि कशावर बसता येणार नाही ते आधीच सांगून टाका. निम्मी रडारड तिथेच वाचते.

तिथे गेल्यावर: छातीवर नाव लिहिलेलं असेल तर नावाने हाक मारा. "ए, शूक शूक" नको. "ताई, जरा सांगता का?" म्हटलं की समोरच्याचाही सूर उतरतो. हे मी वर्गात रोज पाहते. आणि कोणी चांगलं वागलं तर त्याचंही नाव टिपून ठेवा.

कोणी वाईट वागलं तर: तिथल्या तिथे भांडू नका. वेळ, जागा आणि नेमके शब्द लिहा, तिकीट-पावत्यांचे फोटो काढा आणि दोन-तीन दिवसांत व्यवस्थापनाला लेखी कळवा. पत्रात "तुमचा मुलगा उद्धट आहे" एवढंच लिहून थांबू नका. "आपण त्यांना किती दिवसांचं शिक्षण देता? मधुमेही पाहुण्यांची काय सोय केली आहे?" असं विचारा. चांगलं वागलेल्यांची नावंही त्याच पत्रात घाला.

उत्तर आलं नाही तर: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नुसत्या तिरसट बोलण्यावर फार काही होईल अशी आशा धरू नका. पण जाहिरातीत दाखवलेले पाळणे बंद ठेवले, कबूल केलेले पैसे परत दिले नाहीत, अशा गोष्टींत ग्राहक कायदा आपल्या बाजूला आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. आता तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पार्क ज्या जिल्ह्यात आहे तिथे खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही.

आमच्या पत्राचं काय झालं, असं विचाराल. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. डब्यासाठी दारापाशी मांडणी आणि दोन बाकं ठेवली आहेत, पथ्याचं खाणं चिठ्ठी दाखवून आत नेता येईल, असं लिहिलं होतं. स्टुलांबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणून दुसरं पत्र धाडलं आहे. त्यावर आमच्या सोसायटीतल्या अकरा जणींच्या सह्या आहेत, आणि सर्वांत वर सासूबाईंची, शुद्ध मोडीत! (खाली बाळबोधीतही लिहिली आहे.)

तुमच्या गावच्या बागेत काय अनुभव आला ते जरूर कळवा. आणि पत्रात तक्रारीबरोबर एखादं चांगलं नावही असू द्या.

पुढच्या अंकात पावसाळ्यापूर्वी धान्याला ऊन कसं द्यावं आणि डब्यांत कडुलिंबाचा पाला किती घालावा, याविषयी बोलू.